डावीकडचं आभाळ

डोक्यात गाठ आहे असं ज्यांना आजच कळलं आणि जे रिपोर्टचा तो मोठा लिफाफा मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मीही तसाच बसलो होतो. तेव्हा कोणाशी तरी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही, उलट शेजारच्या म्हाताऱ्यावर "सरका जरा तिकडे" म्हणून खेकसलो.

मी डॉक्टर नाही. मालगाडीचा ड्रायव्हर होतो. आता 'लोको पायलट' म्हणतात, पण इंजिन तेच. डॉक्टरी माहिती मोबाइलवर ढीगभर मिळते आणि त्यातली निम्मी झोप उडवते, म्हणून ती इथे देत नाही. माझ्यावर काय गुजरलं तेवढं सांगतो. त्यात एक कॉम्प्युटरवरचा खेळ सारखा मधे येईल, त्याला माझा इलाज नाही. तो खेळ नसता तर मी हे लिहायला उरलो असतो की नाही, सांगता येत नाही.

नाद

विमानांचं वेड लहानपणापासूनचं. वैमानिक होणं आमच्या घरातून शक्य नव्हतं. रेल्वेत लागलो आणि त्यातही खूश होतो. पण चाळिशी उलटल्यावर घरात चांगला कॉम्प्युटर आला आणि जुनं भूत परत अंगात आलं. लढाऊ विमानं उडवायचा खेळ. गंमत म्हणून उडवायचा नव्हे, अगदी खऱ्यासारखा. इंजिन तापतं, इंधन संपतं, वळण जास्त आवळलं तर पडद्यावर अंधारी येते. शोभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शिलाई मशीनचं टेबल मी त्यासाठी घेतलं आणि त्यावर जॉयस्टिक स्क्रूनं पक्की बसवली. मशीन माळ्यावर गेलं. त्याबद्दल मला आजही ऐकून घ्यावं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

माझा जोडीदार गजानन, शोभाचा धाकटा भाऊ. अकोल्याला फुलांचा ठोक व्यापार करतो. बाळापूरकडचा झेंडू-शेवंती पहाटे उतरवून घेतो, दहापर्यंत माल संपवतो आणि दुपारी मोकळा. माझीही ड्यूटी वेळी-अवेळी. त्यामुळे आमच्या लढाया भर दुपारी, कूलर लावून. मी बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत, तो अकोल्यात, दोघांच्या कानाला हेडफोन.

हवेत "तिकडे बघ" म्हणून भागत नाही. घड्याळाच्या आकड्यांत बोलावं लागतं. विमानाचं नाक म्हणजे बारा, शेपूट म्हणजे सहा. "दहा वाजता, वर" म्हणजे डावीकडे, जरा पुढे, डोक्याच्या वर. गजानन असं ओरडला की मी म्हणायचं, "दिसला." मग तो निर्धास्त होऊन आपली बाजू बघतो.

इंजिनातही अशीच रीत आहे. सिग्नल आधी ज्याला दिसेल तो मोठ्यानं सांगतो, आणि दुसऱ्यानं तो स्वतः पाहून तेच परत म्हणायचं. स्वतः पाहून. चोवीस वर्षं मी हे करत आलो आणि एकदाही चुकलो नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो.

सेटिंग

मागच्या हिवाळ्यात मी खेळात धडाधड पडायला लागलो. कोणीतरी वरून यायचं आणि माझं विमान पेटायचं. दर वेळी डावीकडून, दर वेळी वरून.

"भाऊजी, झोपून राहिले काय?" गजानन हसायचा. "दहा वाजता सांगतलं तुमाले, दिसला म्हणता अन् मंग मरता!"

खोटं बोलायचा माझा हेतू नव्हता. मी मान वळवायचो, निळं आभाळ दिसायचं, शत्रू असेल तिथेच कुठेतरी असं वाटायचं आणि तोंडातून "दिसला" निघून जायचं. सवयीचा शब्द होता.

आधी मी इंटरनेटला शिव्या दिल्या. मग समोरचे लबाडी करतात असं ठरवलं. शेवटी दोष ट्रॅकरवर टाकला. ट्रॅकर म्हणजे टोपीला लावायची एक छोटी पट्टी. आपण डोकं थोडं वळवलं की पडद्यावरचा वैमानिक जास्त वळतो. किती जास्त, ते आपण सेटिंगमध्ये ठरवायचं. मी डावीकडचा आकडा वाढवला. आठवड्यानं आणखी वाढवला. मग जरा डावीकडे पाहिलं की अख्खं डावं आभाळ समोर यायला लागलं आणि मी परत जिंकायला लागलो. 'कशी दुरुस्ती केली!' म्हणून स्वतःवर खूश झालो.

यंत्राशी ज्याचं आयुष्य गेलं तोच माणूस अशी चूक करतो. बिघाड नेहमी यंत्रात असतो, आपण नेहमी ठीक असतो.

घरातही खुणा होत्या. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर डाव्या हाताला कपाट आहे. त्याचं उघडं दार मला महिनाभरात तीनदा कपाळावर लागलं. तिसऱ्या वेळी रक्त आलं. शोभा हळद दाबता दाबता ओरडली, "डोळे फुटले काय तुमचे? एवढं दार दिसून नाही राहिलं?" शोभा शाळेत गणित शिकवते, चुका तिला खपत नाहीत. ते वाक्य ती नंतर कितीतरी दिवस विसरू शकली नाही. मी मात्र त्याच दिवशी विसरलो.

बाण

अमरावतीला एका लग्नाच्या मांडवाची फुलं द्यायला गजानन आला आणि दुपारी आमच्याकडे टेकला. शोभा शाळेत होती. जेवण झाल्यावर तो माझ्या खुर्चीत बसला, माझी टोपी घातली आणि डोकं जरा डावीकडे वळवलं. पडद्यावरची मान थेट शेपटीपर्यंत गेली.

"हे काय करून ठेवलं भाऊजी?"

"ट्रॅकर खराब झाला. डावीकडे कमी फिरतो."

"उजवीकडे त बरोबर चालून राहिला. एकाच बाजूनं खराब होते काय कधी?" त्यानं टोपी काढली. मग बराच वेळ तो सेटिंगच्या आकड्यांकडे पाहत राहिला. "सगळे डावीकडूनच मारतात तुमाले. वरून."

"मग?"

"बसा इथं."

त्यानं खेळ थांबवला. पडद्यावर फक्त निळं आभाळ आणि मधोमध नेम धरायचं वर्तुळ. त्यानं माउस हातात घेतला आणि माझ्या मागे उभा राहिला. "गोलाकडे पाहा. डोळे हलवाचे नाही. मी बाण फिरवतो, कुठी दिसते ते सांगत जा."

पोरखेळ वाटला, पण बसलो. "उजवीकडे वर," मी म्हणालो. "उजवीकडे खाली. डावीकडे खाली. आता वर चालला... गेला."

"कुठी गेला?"

"पडद्याच्या बाहेर नेला तू."

"अजून गोलाकडेच पाहा." काही क्षण गेले. "आता?"

"नाही ना बाबा. आण आत."

"आता हलवा डोळे."

मी डोळे वर डावीकडे नेले. बाण पडद्यावरच होता. गजाननचा हात माउसवर गोल गोल फिरत होता आणि त्या कोपऱ्यात बाण माशीसारखा नाचत होता.

"तुमी 'गेला' म्हटलं तवापासून इथंच फिरवून राहिलो," तो म्हणाला.

आम्ही एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्ही वेळी बाण त्याच जागी नाहीसा झाला. तिथे काळं दिसत नव्हतं, धूसर दिसत नव्हतं. निळं दिसत होतं. स्वच्छ, रिकामं आभाळ.

गजानन पलंगावर बसला. "सिग्नल कोणत्या बाजूले असतात, भाऊजी?"

त्याला ठाऊक होतं. मीच त्याला एकदा इंजिनात नेऊन दाखवलं होतं. रुळाच्या डाव्या हाताला, खांबावर, वर.

"उद्या ड्यूटी आहे काय?"

"सकाळची."

"मंग?"

मला इतका राग आला की काय सांगू. "तू फुलं इक. मले रेल्वे शिकवू नको," मी म्हणालो. तो उठला, चप्पल घातली. दारात थांबून म्हणाला, "आज ताईले काही सांगत नाही. पण उद्या तुमी गाडी नेली, त मी लॉबीत येऊन सगळ्यांसमोर सांगीन. मंग आयुष्यभर बोलू नका माझ्याशी."

स्टार्टर

त्या रात्रीचं फार लिहीत नाही. एकच गणित चालू होतं. सांगितलं तर इंजिन गेलं. नाही सांगितलं आणि काही झालं तर? नाही सांगितलं आणि काहीच झालं नाही तर? या तिसऱ्या प्रश्नाला मी पहाटेपर्यंत चिकटून राहिलो, आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेलो. हे लिहिताना लाज वाटते, पण गेलो हे खरं आहे.

बडनेऱ्याच्या लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या हजेरीच्या खोलीत, सही केली, दारू प्यायलेलो नाही हे दाखवायला फुंकणीत फुंकलं, कागद घेतले. माझी सहायक वैशाली नावाची, तिवशाकडची, दोन वर्षं माझ्यासोबत होती. आवाज खणखणीत. यार्डात कोळशाची गाडी उभी होती. आम्ही इंजिनात चढलो, ब्रेक तपासले आणि स्टार्टरची, म्हणजे गाडी सोडायच्या सिग्नलची, वाट पाहत बसलो. तो समोरच होता, जवळ, डाव्या हाताला वर. लाल.

मी म्हणालो, "वैशाली, आज तू ओरडू नको. आधी मी सांगणार."

"बरं सर."

मी नजर सरळ रुळावर रोवली. कालच्या त्या वर्तुळावर ठेवली होती, तशी. हात मांडीवर. इंजिनाची घरघर पायातून वर येत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला रूळ दिसत होते, खडी दिसत होती, रुळाशेजारचा कुत्रा दिसत होता आणि वर सकाळचं स्वच्छ आभाळ. सिग्नलचा खांब नव्हता. मी वाट पाहत राहिलो.

वैशाली खोकली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, तोंड अर्धवट उघडं, काहीतरी कसंबसं आत धरून ठेवल्यासारखं. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"कधी झाला?" मी विचारलं.

"सर, केव्हाचा हिरवा आहे." मग हळूच, "तुमाले दिसला नाही?"

तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मागचे सगळे महिने आले. स्टेशनाआधीचा होम सिग्नल आला की तिचा खणखणीत आवाज, "होम, पिवळा!" आणि त्यापाठोपाठ माझा, "होम, पिवळा!" किती वेळा मी पाहून म्हणालो होतो आणि किती वेळा नुसतं तिच्यामागून म्हणालो होतो? आजही मला ते माहीत नाही. आजारानं मला जे जे दिलं, त्यात हे सगळ्यात जड आहे. गाठ काढता आली, हे काढता आलं नाही.

मी ब्रेक पक्का केला. वॉकीटॉकीवर स्टेशनला सांगितलं की मला बरं नाही, मी गाडी नेणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "मला सिग्नल दिसत नाही." पलीकडून "परत सांगा" आलं आणि मी परत सांगितलं.

दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत हिरव्या सिग्नलपुढे माझी गाडी उभी होती. मग मी खाली उतरलो. वैशालीनं माझा डबा माझ्या हातात दिला. तो मी इंजिनातच विसरलो होतो.

गजानन लॉबीच्या बाहेर मोटरसायकलवर बसलेला होता. पहाटेचा बाजार सोडून आला होता.

लिफाफा

रेल्वेच्या डॉक्टरांनी अमरावतीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे एक पांढरा वाटोळा डबा होता. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. गजाननच्या माउसचीच सुधारलेली आवृत्ती. कागदावर दोन गोल छापून आले. दोन्हींचा एकच कोपरा काळा.

"दोन्ही डोळ्यांत एकच जागा आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे दोष डोळ्यात नसावा."

"मग कुठे?"

त्या पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या. "डोक्याचा फोटो काढून घेऊ."

मी त्यांना विचारलं, मला काळं का नाही दिसलं? त्या म्हणाल्या, मेंदूला रिकामी जागा आवडत नाही, तो शेजारचं घेऊन ठिगळ लावतो. भिंत असेल तर भिंतीचं. तुम्ही दिवसभर आभाळ बघत होतात, त्यानं आभाळाचं लावलं.

एमआरआयच्या नळीत अर्धा तास ठोकाठोक. मला ती रुळांच्या सांध्यांसारखी ऐकू आली, म्हणून सहन झाली. संध्याकाळी लिफाफा मिळाला. मेंदूच्या आवरणावर, मागे उजवीकडे, लिंबाएवढी गाठ. बहुतेक साधी असेल, पण काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. काढताना उरलेली नजर जाऊ शकते, हेही सांगितलं. न काढता बसलो तर ती जाणारच.

त्या बाकावर शोभा माझ्या डाव्या हाताला बसली होती. ती काही बोलत नव्हती म्हणून मी वळलो, तर ती रडत होती. किती वेळ, मला कळलंच नव्हतं. मला वाटलं, ही रडली तरी मला दिसणार नाही आता. मग मीही रडलो. तेव्हा मी ज्याच्यावर खेकसलो होतो, त्या म्हाताऱ्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

तुम्हाला एक सांगतो. त्या दिवशी मोबाइलवर काहीही शोधू नका. कोणीतरी पाणी देतं, ते प्या आणि घरी जा.

अकोल्याचे अकरा दिवस

ऑपरेशन अकोल्याला ठरलं. सर्जन तिथले होते आणि गजाननचं घर दवाखान्यापासून पायी अंतरावर. मुलगी पुण्याला शिकते, तिची परीक्षा चालू होती. तिला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं आणि दोन दिवसांत तिला कळलं. लपवण्याची आमची पद्धत एवढीच भक्कम.

भरती झालो त्याच संध्याकाळी बाहेर व्हरांड्यात बहीण-भावाचं वाजलं. दार लोटलेलं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"तूच लावला हा नाद," शोभा म्हणाली. "चार-चार तास त्या पडद्याले डोळे लावून बसत. त्यानंच झालं हे."

"ताई, डॉक्टरनं असं सांगतलं काय?"

"मले कावून नाही सांगतलं तू? एक अख्खी रात्र, गजानन! तुले माहीत होतं अन् हे सकाळी इंजिनावर गेले. काही झालं असतं त?"

दोघं दोन दिवस बोलले नाहीत. त्याच्या घरून डबा यायचा, ज्वारीची भाकरी आणि मुगाची पातळ डाळ. शोभा तो मला वाढायची आणि स्वतः दवाखान्याच्या कँटीनचा चहा पिऊन राहायची. मी वैतागून म्हणालो, "डाळीनं काय बिघडवलं तुझं?" तिनं डब्याचं झाकण लावलं. गणिताच्या बाईंचा राग असा बेरजेचा असतो, हातचे धरून.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन आले. तिनं त्यांना स्पष्टच विचारलं, "डॉक्टर, गेममुळे झालं ना हे?"

ते म्हणाले, "नाही ताई. गाठ कित्येक वर्षांची असेल. गेममुळे झाली नाही, गेममुळे सापडली. एरवी माणसं याच्या पुष्कळ नंतर येतात."

त्या संध्याकाळी डबा उघडल्यावर शोभानं अर्धी भाकरी मोडून स्वतःच्या पानात घेतली. गजानन खिडकीशी उभा होता, त्यानं पाठ फिरवून डोळे पुसले. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "मीच म्हटलं होतं, डोळे फुटले काय म्हणून." तिचं दुखणं ते होतं. इतके दिवस मला वाटत होतं की ती माझ्यावर चिडली आहे.

डोकं भादरलं. कागदावर सही केली. भीती मरणाची नव्हती, खरं सांगतो. भूल उतरल्यावर डोळे उघडीन आणि डावीकडचं सगळंच गेलेलं असेल, आणि मेंदू त्याला ठिगळ लावून देईल, आणि मला कळणारच नाही, याची होती. आपण आंधळे झालो हे आपल्याला दुसऱ्यानं सांगावं लागणं, याहून वाईट मला काही सुचत नव्हतं. स्ट्रेचरवर नेताना मी शोभाला म्हणालो, "उठल्यावर माझ्या डावीकडे उभी राहा."

आयसीयूत शुद्ध आली. नर्स टॉर्च मारत होती. "काका, नाव सांगा. हात उचला. किती बोटं?" दर थोड्या वेळानं तेच. एकदा चिडून मी म्हणालो, "मगाशी दोन होती, आताही दोनच आहेत." ती हसली आणि म्हणाली, "चिडता म्हणजे बरे आहात." तिचं ते वाक्य मी पुढे कितीतरी दिवस पुरवून वापरलं.

भेटायच्या वेळेला शोभा आली. मी छताकडे पाहत पडलो होतो. डोळे हलवले नाहीत. डावीकडे खाली तिच्या साडीची हिरवी किनार दिसली. वर चेहरा असायला हवा होता. तिथे छत होतं.

"आली काय?" मी विचारलं.

"केव्हाची उभी आहे," ती म्हणाली.

मी मान वळवून तिला पाहिलं. हसलो. हसणं आवश्यक होतं.

गाठ साधी निघाली. तो रिपोर्ट आला त्या दुपारी गजाननने नर्सबायांना शेवंतीची एक-एक वेणी दिली. पेशंटजवळ फुलं चालत नाहीत म्हणून त्याला बाहेर काढलं. तो बाहेर उभा राहून काचेतून हात हलवत राहिला.

बटण

नजर परत येईल का, याचं उत्तर कोणी देईना. "थांबा" एवढंच. मी थांबलो. टाके सुकले, केस आले, झोप आली. महिने गेले. चहाचा कप, दाराची चौकट, पंख्याचं पातं, एक-एक करून काही गोष्टी त्या कोपऱ्यात परत आल्यासारख्या वाटायच्या. पण वाटण्यावर माझा भरवसा उरला नव्हता.

मग परत त्या वाटोळ्या डब्यापुढे बसायचा दिवस आला. या कागदावर माझं इंजिन अवलंबून होतं. कोपरा भरून आला असेल तर पुढे परत जायचा रस्ता होता. नसेल तर नव्हता. शोभा बाहेर बसली.

आता एक कबुली. विमानांच्या खेळात मी एका गोष्टीत पटाईत होतो. शत्रू जिथे आहे तिथे गोळी मारून उपयोग नसतो, तो पुढे सरकलेला असतो. तो जिथे येणार त्या रिकाम्या आभाळात मारायची. अंदाजानं. गजानन म्हणायचा, भाऊजी हवेले मारतात अन् हवेतून विमान पडते. डब्यात डोकं घातल्यावर दोन मिनिटांत मला त्या उजेडांचा ताल कळला. एक लुकलुक, थोडं थांबणं, दुसरी लुकलुक. मधे एखादा ठोका रिकामा गेला की समजायचं, तो माझ्या कोपऱ्यात होता. अंगठा बटणावर होता. अंदाजानं दाबला असता तर कदाचित मशीननं पकडलं असतं, कदाचित नसतं. चोवीस वर्षांचं इंजिन त्या अंगठ्याखाली होतं.

एक ठोका रिकामा गेला. अंगठा शिवशिवला. मला वैशालीचा चेहरा आठवला, तोंड अर्धवट उघडं, आणि हिरव्याखाली उभी असलेली माझी गाडी.

मी दाबलं नाही. पुढचाही ठोका रिकामा गेला, तेव्हाही दाबलं नाही. मग एक बारीक ठिणगी खरंच दिसली, वर, डावीकडे, काठाशी. तेव्हा दाबलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून तंत्रज्ञ बाईंना मधेच थांबवावं लागलं.

कोपरा अर्धा भरून आला होता. डॉक्टरीणबाई खूश होत्या, त्यांच्या मते हे पुष्कळ होतं. मी विचारलं, "इंजिन?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि मान हलवली. नाही.

बाहेर येऊन शोभाला सांगितलं. ती म्हणाली, "मले इंजिनाशी काय करायचं आहे? चला, भूक लागली." आणि राजापेठेच्या गर्दीत ती आपण होऊन माझ्या डाव्या हाताला आली. तेव्हापासून ती तिथेच चालते.

आता मी लॉबीत हजेरीच्या टेबलाशी बसतो. ड्रायव्हर सही करायला येतात. पहिल्या आठवड्यात वैशाली आली, नव्या ड्रायव्हर साहेबांसोबत. सही करून जाताना मी तिला म्हणालो, "साहेबांनी परत म्हटलं नाही, तर आणखी एकदा ओरडायचं." ती म्हणाली, "आता मी चेहऱ्याकडेही पाहते, सर."

जॉयस्टिक शोभानं गव्हाच्या कोठीमागे लपवली होती. मागच्या महिन्यात तिनंच ती काढून दिली, झाडून-पुसून. मशीन मात्र माळ्यावरून खाली आलं आहे आणि टेबल परत त्याचं झालं आहे. मी जेवणाच्या टेबलावर बसतो. टोपी घातली, ट्रॅकरचं सेटिंग उघडलं आणि डावी-उजवी बाजू सारखी केली.

दुपारचे तीन. कूलर चालू. अकोल्याहून तोच आवाज कानात आला.

"भाऊजी, दहा वाजता, वर!"

मी मान वळवली. निळं आभाळ होतं, स्वच्छ.

"नाही दिसला," मी म्हणालो. "तू सांगत राह्य."